गती आणि नियंत्रण : वापरलेल्या परदेशी मोटारीच्या ब्रेकची झीज

मोटार धावते कशी, याविषयी लहानांपासून थोरांपर्यंत सर्वांनाच कुतूहल असते. ती थांबते कशी, याचा विचार मात्र फार थोडे लोक करतात. विक्रीस आलेली मोटार पाहावयास गेलेला ग्राहक इंजिनचा आवाज ऐकतो, रंगावर हात फिरवितो, गादी दाबून पाहतो आणि किती किलोमीटर झाले असे विचारतो. चाकाच्या आत, धुळीने माखलेल्या कॅलिपरमध्ये बसलेल्या दोन लहान पट्ट्यांकडे त्याचे लक्ष जात नाही. वस्तुतः त्याचे व त्याच्या कुटुंबाचे प्राण ज्यांच्यावर अवलंबून असतात, त्या याच पट्ट्या होत. त्यांना ब्रेक-पॅड असे म्हणतात.

वापरलेल्या परदेशी मोटारीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर बनतो. एके काळी परदेशी मोटार ही मूठभर धनिकांच्या आणि परदेशी वकिलातींच्या दारातच दिसे. आज परिस्थिती पालटली आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आठ-दहा वर्षे वापरलेली मोठी परदेशी मोटार नव्या लहान देशी मोटारीच्या किमतीत मिळू शकते. मध्यमवर्गीय कुटुंबाला हा व्यवहार किफायतीचा वाटतो. तथापि वयाबरोबर मोटारीची किंमत उतरली, तरी तिचे वजन उतरत नाही आणि तिच्या सुट्या भागांच्या किमतीही उतरत नाहीत. परिणामी नव्या मालकाचा हात नेमका ब्रेकच्या खर्चावर आखडतो आणि तेथेच धोक्याला प्रारंभ होतो.

ब्रेक : गतीचे उष्णतेत रूपांतर

धावत्या मोटारीच्या अंगी गतिज ऊर्जा असते. ऊर्जा नष्ट होत नाही, तिचे केवळ रूपांतर होते, हा विज्ञानाचा मूलभूत सिद्धांत आहे. ब्रेक दाबला म्हणजे ही गतिज ऊर्जा घर्षणाने उष्णतेत रूपांतरित होते आणि ती उष्णता हवेत सोडून दिली जाते. त्या अर्थाने ब्रेक हे उष्णता निर्माण करणारे आणि तिची विल्हेवाट लावणारे यंत्रच आहे.

ही ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार थांबविण्यास ब्रेकला जे काम करावे लागते, त्याच्या चौपट काम ताशी १२० किलोमीटर वेगाला करावे लागते. प्रवासी व सामान धरून २,००० किलोग्रॅम भरणाऱ्या मोठ्या मोटारीला १,००० किलोग्रॅमच्या लहान मोटारीच्या दुप्पट काम करावे लागते, हे तर उघडच आहे.

आजच्या बहुतेक मोटारींच्या पुढील चाकांना, आणि पुष्कळ परदेशी मोटारींच्या चारही चाकांना, डिस्क-ब्रेक असतात. चाकाबरोबर बिडाची एक तबकडी फिरत असते. तिला डिस्क म्हणतात. तिच्या दोन्ही अंगांना चिमट्याप्रमाणे कॅलिपर बसविलेला असतो आणि त्यात एकेक पॅड असतो. चालकाने पायाखालील पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील द्रवावर, म्हणजे ज्याला गॅरेजमध्ये ब्रेक-ऑईल म्हणतात त्यावर, दाब येतो. नळ्यांतून तो दाब कॅलिपरमधील पिस्टनपर्यंत पोहोचतो. पिस्टन पुढे सरकून पॅडला डिस्कवर दाबतो आणि चाकाची गती मंदावते. ब्रेक लावताना मोटारीचा भार पुढे झुकतो. त्यामुळे थांबविण्याच्या कामाचा मोठा वाटा पुढील चाकांवर पडतो आणि पुढचे पॅड सामान्यतः मागच्यांपेक्षा लवकर झिजतात.

जुन्या बुटांपासून काजूच्या टरफलापर्यंत

घर्षणासाठी योग्य पदार्थ शोधण्याची कहाणी मनोरंजक आहे. इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड नावाचे गृहस्थ राहत. टेकड्यांच्या त्या मुलखात घोडागाड्या उतारावरून नेताना शेतकरी चाकाला अडसर म्हणून जुन्या बुटांचा उपयोग करीत, ते पाहून फ्रूड यांना अधिक टिकाऊ ब्रेकची कल्पना सुचली, असे सांगतात. १८९७ मध्ये त्यांनी प्रयोगांना आरंभ केला आणि त्यातूनच ब्रेकच्या लायनरचा एक प्रसिद्ध उद्योग उभा राहिला. पुढे उष्णतेला दाद न देणारा पदार्थ म्हणून अ‍ॅस्बेस्टॉसचा वापर या उद्योगात सर्वत्र रूढ झाला. त्या पदार्थाने कामगारांच्या आरोग्यावर काय आघात केला, त्याचा विचार पुढे येईलच.

डिस्क-ब्रेकचे एकस्व फ्रेडरिक लँचेस्टर यांनी इंग्लंडमध्ये १९०२ मध्येच घेतले होते. परंतु त्याला योग्य पदार्थ व योग्य रचना लाभण्यास अर्धे शतक जावे लागले. १९५३ मध्ये फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क-ब्रेक बसविलेल्या जग्वार मोटारीने विजय मिळविला. १९५५ मध्ये सित्रोएन या फ्रेंच कारखान्याने आपल्या नव्या मोटारीच्या पुढील चाकांना हे ब्रेक बसविले. त्यानंतर हळूहळू ते सर्वसामान्यांच्या मोटारीत आले.

पॅड वरवर पाहता एखाद्या काळ्या विटेच्या तुकड्यासारखा दिसतो, परंतु तो अनेक द्रव्यांचे मिश्रण असतो. पोलादी पाठपट्टीवर घर्षण-द्रव्याचा थर दाबून बसविलेला असतो. या थरात फेनॉलिक राळ हे बांधणारे द्रव्य असते. बळकटीसाठी पोलादाचे, काचेचे किंवा अ‍ॅरामिडचे तंतू घालतात. झीज व आवाज नियंत्रित करण्यासाठी ग्रॅफाइट आणि भरणीसाठी बॅराइटसारखी खनिजे मिसळतात. महाराष्ट्राच्या व गोव्याच्या वाचकांना विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे काजूच्या टरफलातून निघणाऱ्या तेलापासून केलेली भुकटीही या मिश्रणात वापरली जाते. जे तेल हाताला लागले असता फोड येतात, तेच रासायनिक प्रक्रियेनंतर ब्रेकचे घर्षण उष्णतेतही स्थिर राखण्यास साहाय्य करते.

झीज हा दोष नव्हे, दुर्लक्ष हा दोष

पॅड झिजण्यासाठीच बनविलेला असतो. डिस्कपेक्षा तो मऊ ठेवलेला असतो, तो याच हेतूने. स्वस्त आणि सहज बदलता येणारा भाग झिजावा आणि महाग भाग टिकावा, अशी ती योजना आहे. नव्या पॅडवरील घर्षण-द्रव्याचा थर साधारणपणे १० ते १२ मिलिमीटर जाडीचा असतो. तो झिजून २ ते ३ मिलिमीटर राहिला म्हणजे पॅड बदलावा लागतो. नेमकी मर्यादा प्रत्येक कारखाना आपल्या पुस्तिकेत देतो आणि तीच प्रमाण मानावी. ही जाडी पोलादी पाठपट्टी सोडून मोजावयाची असते. घाईत पाहणारा मनुष्य पाठपट्टीसह जाडी धरतो आणि अजून बराच पॅड शिल्लक आहे अशा भ्रमात राहतो.

पॅड किती किलोमीटर टिकतो, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. दाट रहदारीत घडोघडी ब्रेक लावावा लागणारी मोटार वीस-पंचवीस हजार किलोमीटरमध्ये पॅड संपवू शकते. मोकळ्या महामार्गावर धावणारी तशीच मोटार त्याच पॅडवर साठ-सत्तर हजार किलोमीटर जाऊ शकते. म्हणून किलोमीटर दाखविणाऱ्या आकड्यावरून ब्रेकची स्थिती ठरविणे हे अनुमान झाले, तपासणी नव्हे.

पॅड पातळ झाल्यावर त्याचे परिणाम केवळ त्याच्यापुरते राहत नाहीत. जाड पॅड उष्णतेला अडवून धरतो. पातळ पॅडमधून ती लवकर पिस्टनपर्यंत आणि ब्रेक-ऑईलपर्यंत जाऊन पोहोचते. पॅड पूर्णपणे संपला तर पोलादी पाठपट्टी बिडाच्या डिस्कवर घासू लागते. मग खरखर असा कर्कश आवाज येतो, डिस्कवर खोल चरे पडतात आणि वेळीच थोड्या खर्चात झाले असते ते काम कितीतरी पटींनी महाग पडते.

मोटार स्वतः काही इशारे देत असते. अनेक पॅडांना पोलादाची एक लहान जीभ असते. पॅड मर्यादेपर्यंत झिजला की ती डिस्कला टेकते आणि बारीक शीळ ऐकू येते. युरोपीय बनावटीच्या पुष्कळ मोटारींत पॅडमध्येच विजेची तार बसविलेली असते. पॅड झिजला की ती तार घासली जाते आणि चालकासमोर दिवा लागतो. यांखेरीज ब्रेक लावताना मोटार एका बाजूस ओढली जाणे, पेडल किंवा सुकाणू थरथरणे, पेडल नेहमीपेक्षा खाली जाणे, एकाच चाकाला जळकट वास येणे किंवा ते अधिक तापणे, ही सर्व दोषाची लक्षणे होत.

यात एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पॅड झिजले की पिस्टन अधिक बाहेर येतात आणि टाकीतील ब्रेक-ऑईलची पातळी खाली जाते. पातळी कमी दिसली म्हणून केवळ ऑईल ओतून मोकळे होणे म्हणजे दुखणे न पाहता ताप उतरविण्यासारखे आहे. पातळी का उतरली, याचा शोध प्रथम घ्यावयास हवा. पॅड झिजले असतील तर ते बदलावे लागतात. कोठे गळती असेल तर ती त्याहून गंभीर बाब आहे.

परदेशी मोटारीचे वेगळे प्रश्न

वापरलेली मोटार परदेशातून थेट आणावयाची झाल्यास केंद्र शासनाच्या आयात धोरणातील अटी पाळाव्या लागतात. मोटार उत्पादनाच्या दिनांकापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, तिचे सुकाणू उजव्या बाजूस असावे आणि ती मुंबईच्या बंदरातूनच देशात यावी, या त्यांतील प्रमुख अटी होत. याहून कितीतरी अधिक संख्येने आढळतात त्या येथेच नोंदल्या गेलेल्या आणि दोन-तीन मालकांच्या हातून गेलेल्या परदेशी बनावटीच्या मोटारी. दोहोंच्या ब्रेकबाबत काही प्रश्न समान आहेत.

पहिला प्रश्न पूर्वेतिहासाचा. मोटार कोणत्या प्रदेशात आणि कशी वापरली गेली, याची खूण ब्रेकवर उमटते. बर्फाळ देशांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्यामुळे डिस्क, कॅलिपर आणि ब्रेकच्या धातूच्या नळ्या गंजतात. बोटीवर आणि बंदरात महिनोन् महिने उभी राहिलेली मोटारही खाऱ्या हवेने गंजते. डिस्कवर रात्रभरात चढलेला तांबूस गंज चार वेळा ब्रेक लावल्यावर निघून जातो आणि त्यात काळजीचे कारण नसते. परंतु दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या मोटारीच्या डिस्कवर खड्डे पडतात आणि कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना जाम होतात. मग आतील पॅड संपतो आणि बाहेरील जवळजवळ नवाच राहतो. चाकाच्या फटीतून डोकावणाऱ्याला बाहेरचा पॅड दिसतो. धोका आतल्या पॅडमध्ये लपलेला असतो.

दुसरा प्रश्न संकरित मोटारींचा. पेट्रोल इंजिनाबरोबर विद्युत मोटार असलेली पहिली मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली गाडी जपानमध्ये १९९७ मध्ये बाजारात आली. अशा गाड्यांत वेग कमी करताना विद्युत मोटारच जनित्र बनते आणि गतीतील काही ऊर्जा बॅटरीत परत साठविते. घर्षणाच्या ब्रेकला त्यामुळे काम कमी पडते आणि पॅड दीर्घकाळ टिकतात. पण हाच लाभ वेगळ्या वाटेने अडचण निर्माण करतो. न वापरलेली डिस्क गंजते आणि न हललेली पिन जाम होते. पॅड जाड आहे म्हणून ब्रेक निर्दोष आहे, असा निष्कर्ष येथे काढता येत नाही.

तिसरा प्रश्न सुट्या भागांचा. एकाच नावाची मोटार निरनिराळ्या देशांसाठी निरनिराळ्या ब्रेकसह तयार होते. वर्ष व नाव सांगून आणलेला पॅड बसेलच अशी खात्री नसते. चासिस क्रमांकावरून मिळणारा भाग-क्रमांक हाच विश्वासार्ह आधार होय. न बसणारा पॅड कानशीने घासून बसविण्याचा प्रकार काही ठिकाणी केला जातो. तो अत्यंत धोकादायक आहे. ब्रेकच्या पॅडला दुसऱ्या आकाराचा पर्याय नसतो. नामांकित कारखान्याच्या वेष्टनात नकली पॅड विकले जातात, हीही वस्तुस्थिती आहे. किंमत अवाजवी कमी असेल, छपाई अस्पष्ट असेल किंवा पावती देण्यास दुकानदार तयार नसेल, तर सावध व्हावे.

घाटाची परीक्षा

सपाट रस्त्यावर कशीबशी निभावून जाणारी ब्रेकची दुर्बलता घाटात उघडी पडते. सह्याद्रीची भिंत कोकण आणि देश यांच्यामध्ये उभी आहे. बोरघाट, कसारा, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली, चोर्ला अशा घाटांतून रोज हजारो वाहने उतरतात. लोणावळ्याहून खोपोलीस येताना मोटार ५०० मीटरहून अधिक खाली येते.

या उताराचा हिशेब मांडून पाहणे उद्‍बोधक ठरेल. २,००० किलोग्रॅमची मोटार ५०० मीटर खाली आली म्हणजे जी ऊर्जा मोकळी होते, तीत सुमारे ३३ लिटर पाणी ३० अंश सेल्सिअसपासून उकळीला आणता येईल. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी तीच मोटार लागोपाठ ३५ वेळा पूर्णपणे थांबविण्याइतके ते काम आहे. यातील काही वाटा हवेचा विरोध आणि टायरचे घर्षण उचलते. उरलेला भार इंजिन आणि ब्रेक यांनी वाटून घ्यावयाचा असतो. चालकाने इंजिनाला त्याचा वाटा उचलू दिला नाही, तर तो सारा पॅडवर पडतो.

पॅड प्रमाणाबाहेर तापला की त्यातील राळ विघटित होऊ लागते. तिच्यापासून निघालेल्या वायूचा थर पॅड व डिस्क यांच्यामध्ये येतो आणि घर्षण घटते. पेडल घट्ट लागते, चालक जोर लावतो, पण मोटार थांबत नाही. दुसरा धोका ब्रेक-ऑईलचा. हे ऑईल हवेतील ओलावा शोषून घेते आणि आपल्या किनारपट्टीवरील दमट हवेत हे अधिकच घडते. डॉट ४ या प्रतीच्या नव्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यावर त्याची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ या प्रतीसाठी हेच आकडे २०५ आणि १४० असे आहेत. तापलेल्या कॅलिपरमध्ये जुने ऑईल उकळले तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दबत नाही, पण वाफ दबते. अशा वेळी पेडल थेट तळाला जाते आणि ब्रेक लागत नाही. यास्तव साधारणपणे दर दोन वर्षांनी ब्रेक-ऑईल बदलणे इष्ट होय.

यावरील उपाय जुनाच आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागला असता, त्याच खालच्या गिअरमध्ये तो उतरावा. स्वयंचलित गिअरच्या परदेशी मोटारीतही खालचा गिअर राखण्याची सोय असते. घाट सुरू होण्यापूर्वीच तिचा वापर करावा. ब्रेकवर सतत पाय ठेवून उतरण्याऐवजी आवश्यक तेव्हा निश्चयाने ब्रेक लावावा, वेग कमी करावा आणि पाय काढून त्यास थंड होण्यास अवसर द्यावा. इंधन वाचविण्यासाठी गिअर काढून किंवा इंजिन बंद करून घाट उतरणे म्हणजे संकटाला आमंत्रण देणे होय. इंजिन बंद होताच पेडलला साहाय्य करणारा बूस्टर थोड्याच वेळात निकामी होतो आणि सुकाणूही जड होते. जळकट वास आला तर सुरक्षित जागा पाहून थांबावे. तापलेल्या डिस्कवर पाणी मात्र ओतू नये, कारण अचानक थंड झाल्याने ती वाकडी होण्याचा किंवा तिला तडे जाण्याचा संभव असतो.

वीस मीटरचे अंतर

ब्रेक थोडे कमी लागतात, एवढेच ना, असे म्हणून हा विषय टाळणाऱ्यांसाठी आणखी एक हिशेब येथे देणे उचित होईल. कोरड्या चांगल्या रस्त्यावर निर्दोष ब्रेकची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगावरून ब्रेक लागल्यापासून सुमारे २० मीटरमध्ये थांबते. तत्पूर्वी धोका दिसून पाय पेडलवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात ती जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेकची शक्ती निम्मी झाली असेल तर २० मीटरऐवजी ४० मीटर लागतात. ज्या ठिकाणी पहिली मोटार थांबली, त्या ठिकाणी दुसरी मोटार अद्याप ताशी सुमारे ४२ किलोमीटर वेगाने धावत असते. रस्ता ओलांडणारे शाळकरी मूल त्या जागी असेल तर काय होईल, हे वेगळे सांगावयास नको. जीर्ण ब्रेकची झळ केवळ मोटारीच्या मालकाला बसते असे नाही. तिच्याशी काही संबंध नसलेल्या माणसालाही ती बसते. असुरक्षित स्थितीतील वाहन रस्त्यावर आणणे हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये अपराध ठरविला आहे, तो याच कारणास्तव.

खरेदीपूर्वी काय पाहावे

वापरलेली मोटार घेण्यापूर्वी ती जाणकार मेकॅनिकला दाखवावी आणि चारही चाके उतरवून ब्रेक पाहण्याचा आग्रह धरावा. यास तास-दीड तास लागतो. विक्रेता त्यास नकार देत असेल, तर तो नकार हीच पुरेशी माहिती समजावी. प्रत्येक चाकाचे आतील व बाहेरील दोन्ही पॅड मोजावेत. दोहोंत लक्षणीय फरक असेल किंवा पॅड एका टोकाला अधिक झिजला असेल, तर कॅलिपर नीट सरकत नाही असे समजावे.

डिस्कची जाडीही मोजावी. तिची किमान मर्यादा पुष्कळदा डिस्कवरच कोरलेली असते. चरे पडलेली डिस्क लेथवर साफ करून देण्याची पद्धत आहे, परंतु साफ केल्यावर जाडी त्या मर्यादेखाली जात असेल तर ती बदलणेच योग्य. पातळ डिस्क लवकर तापते आणि उष्णता साठविण्याची तिची क्षमता कमी होते. डिस्कच्या कडेला उभा राहिलेला कंगोरा ती किती झिजली आहे हे बोटालाही सांगतो.

त्यानंतर ब्रेक-ऑईलचा रंग पाहावा. नवे ऑईल फिकट असते, तर जुने तपकिरी होते. रबरी नळ्यांना भेगा आहेत काय, कॅलिपरभोवती ओल आहे काय आणि हँडब्रेक उतारावर मोटार धरून ठेवतो काय, हे तपासावे. मोटार सुरू करताना ब्रेकचे इशारादर्शक दिवे क्षणभर लागून विझले पाहिजेत. मुळीच न लागणारा दिवा हा दोष लपविण्यासाठी काढून टाकलेला असू शकतो. शेवटी मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगाने ब्रेक लावून मोटार सरळ रेषेत थांबते किंवा कसे, हे पाहावे. पॅड, डिस्क आणि ऑईल यांचा येऊ घातलेला खर्च अधिकृत दुकानातून विचारून घ्यावा आणि तो मोटारीच्या किमतीतच धरावा. ज्या कुटुंबाला हा खर्च झेपणार नाही, त्याला ती मोटारही परवडणारी नाही, असे निःसंकोचपणे म्हणता येईल.

पॅड बदलताना

पॅड नेहमी एका आसाच्या दोन्ही चाकांचे एकाच वेळी बदलावेत. एकाच बाजूचे बदलल्यास दोन चाकांच्या घर्षणात तफावत पडते आणि मोटार ओढली जाते. सरकणाऱ्या पिना साफ करून त्यांना योग्य त्या प्रकारचेच ग्रीस लावावे. पॅडच्या घर्षण-पृष्ठावर किंवा डिस्कवर ग्रीसचा थेंबही लागू देऊ नये. नवे पॅड बसविल्यावर मोटार हलविण्यापूर्वी पेडल काही वेळा दाबून पिस्टन जागेवर आणावेत. हे न केल्यास पहिल्याच वेळी पेडल रिकामे जाते. पहिले काही दिवस जोराने ब्रेक लावणे टाळावे, म्हणजे पॅड व डिस्क यांची पृष्ठे एकमेकांशी जुळतात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून मोटार नेल्यावर हळू वेगात दोन-तीनदा हलके ब्रेक लावून ते कोरडे करावेत, हेही चालकाने अंगवळणी पाडून घ्यावे.

धुळीतील धोका

झिजलेल्या पॅडचे द्रव्य धुळीच्या रूपाने चाकावर, रस्त्यावर आणि हवेत जाते. ज्या काळी पॅड व लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे, त्या काळी गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांत ही धूळ जात असे. अ‍ॅस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगास कारण ठरतात, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दिलेला आहे. रोग प्रकट होण्यास कित्येक दशके लागत असल्याने त्याचे मूळ कारण रुग्णाच्याही ध्यानात येत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी दीर्घकाळ जतन करण्याचा आदेश दिला, त्यामागे हीच जाणीव होती. युरोपीय संघाने २००५ पासून अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली, तर अमेरिकेने २०२४ मध्ये तेथे अद्याप वापरात असलेल्या प्रकारावर बंदी जाहीर केली.

जुन्या मोटारीत किंवा स्वस्त पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून प्रत्येक ब्रेक उघडताना ती धूळ घातक आहे असे समजूनच काम करणे शहाणपणाचे ठरते. हवेच्या नळीने फुंकून किंवा कोरड्या ब्रशने झाडून ब्रेक साफ करण्याची सवय सोडावयास हवी. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बंद करून टाकावे. पॅड घेताना अ‍ॅस्बेस्टॉसविरहित असे स्पष्ट लिहिलेला माल घ्यावा. मालक चार वर्षांतून एकदा पॅड बदलतो, परंतु गॅरेजमधील पंधरा-सोळा वर्षांचा शिकाऊ मुलगा दिवसातून चार वेळा ती धूळ अंगावर घेतो, हे विसरून चालणार नाही.

नव्या पॅडमधील इतर द्रव्यांचाही आता विचार होऊ लागला आहे. पॅडमधील तांबे पावसाच्या पाण्याबरोबर नद्यांत जाऊन जलचरांना अपाय करते, म्हणून अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१० मध्ये कायदा करून त्याचे प्रमाण टप्प्याटप्प्याने घटविले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या युरो ७ या नियमावलीत ब्रेकमधून उडणाऱ्या सूक्ष्म कणांवरही मर्यादा घातली आहे.

घाट उतरण्यापूर्वी

बोरघाटातून लोहमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला. तेथे उतरणाऱ्या गाडीने घाटमाथ्यावर थांबून ब्रेकची तपासणी करावी, असा रेल्वेचा दंडक आहे. ताबा सुटलेली गाडी चढावर वळवून थांबविण्यासाठी स्वतंत्र मार्गही घाटात बांधलेले आहेत. इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही रेल्वेने ही तपासणी अनावश्यक मानलेली नाही. मोटारीला मात्र असा स्वतंत्र मार्ग सहसा नसतो. तिचा मालक आणि चालक हेच तिचे तपासनीस असतात. मोठ्या हौसेने घेतलेल्या परदेशी मोटारीतून मुलाबाळांसह कोकणात किंवा गोव्यात निघण्यापूर्वी तिची चाके एकदा उतरवून पॅड मोजले गेले, तर त्यासाठी खर्ची पडलेला तास प्रवासातील सर्वांत सार्थकी लागलेला तास ठरेल.